पाणी पिण्याचा हक्क मिळवला, पाणी तपासण्याचा कधी मिळवणार?

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात, प्रमुख पाहुण्यांची ओळख करून देण्याची एक ठरलेली पद्धत आहे. एम.एस्सी. प्राणिशास्त्र, बी.एड., इतकी वर्षे जीवशास्त्राचे अध्यापन, पाण्याच्या गुणवत्तेवर संशोधन, इतके शोधनिबंध. टाळ्या वाजतात, पुष्पगुच्छ दिला जातो, पाहुणे सी. व्ही. रामन यांच्यावर बोलतात आणि चहा होतो. ज्या शाळेत हा कार्यक्रम झाला, त्या शाळेच्या टाकीतल्या पाण्यात काय आहे हे पाहुण्यांना कोणी विचारत नाही. पाहुणेही स्वतःहून विचारत नाहीत.

जीवशास्त्र शिकवणारा आणि पाण्याचे संशोधन केलेला माणूस ही साधी गोष्ट नाही. आपल्या वस्तीला आज ज्या माणसाची सगळ्यात जास्त गरज आहे तो हाच माणूस आहे. पण त्याचे ज्ञान बायोडेटात राहते आणि वस्तीचा नळ जिथल्या तिथे राहतो. असे का होते आणि ते बदलायला आपण काय केले पाहिजे, यावर हा लेख आहे. मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. समाजशास्त्रात एम.ए. केले आहे आणि उत्तर नागपुरातल्या वस्त्यांमध्ये काम करतो. म्हणून या प्रश्नाकडे मी नळाच्या बाजूने बघतो, प्रयोगशाळेच्या बाजूने नाही.

आधी आपल्या शहराचे बघू. पाण्याच्या शास्त्रात नागपूर हे देशातले मोठे नाव आहे. १९५८ साली इथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली. १९७४ मध्ये तिचे नाव बदलून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था झाले. आज सगळे तिला ‘नीरी’ म्हणून ओळखतात. पाण्यातला फ्लोराइड तुरटी आणि चुन्याच्या साहाय्याने कमी करण्याची ‘नालगोंडा पद्धत’ याच संस्थेने १९७०च्या दशकात विकसित केली. ती गावपातळीवर, अगदी बादलीतसुद्धा वापरता यावी अशी रचना होती. याशिवाय शहरात विद्यापीठ आहे, त्यात जीवशास्त्राचे विभाग आहेत, प्रादेशिक आरोग्य प्रयोगशाळा आहे, भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा आहे. म्हणजे पाणी तपासणाऱ्यांची इथे वाण नाही.

आणि याच शहरातून नाग नदी वाहते. लाव्याच्या टेकड्यांकडून येते, अंबाझरी भरते, शहराची सगळी घाण पोटात घेऊन कन्हानला आणि पुढे वैनगंगेला मिळते. नागपूरचे सांडपाणी गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत जाते आणि भंडाऱ्याचे लोक त्याबद्दल वर्षानुवर्षे ओरडत आहेत. ज्या शहरात पाण्याचे एवढे शास्त्रज्ञ, त्याच शहराची नदी गटार झाली. शास्त्रज्ञांनी अहवाल दिले नाहीत असे नाही. अहवाल वाचून जाब विचारणारी जनता तयार झाली नाही, आणि ती तयार करण्याचे काम ज्या वर्गखोलीत व्हायला हवे होते तिथे ते झाले नाही.

त्या वर्गखोलीत काय चालते? नागपुरात आज जीवशास्त्र म्हणजे ‘नीट’ परीक्षा. आमच्या अभ्यासिकेतली मुलगी कॉलऱ्याच्या जिवाणूचे नाव न अडखळता सांगते. बारावीच्या पुस्तकात ‘बीओडी’ हा शब्द आहे, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचे माप. बीओडी जितका जास्त तितके पाणी जास्त घाण. हे तिला पाठ आहे. सांडपाणी प्रक्रियेच्या पायऱ्याही पाठ आहेत. पण तिच्याच शहरात भांडेवाडीला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे आणि तिथले प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते, हे तिला कोणी सांगितलेले नाही. आणि त्या केंद्रापर्यंत घाण पोहोचवणारी गटारे तुंबली की त्यात कोण उतरतो, हा प्रश्न तर पुस्तकाच्या कोणत्याच पानावर नाही.

तो प्रश्न जीवशास्त्राचाच आहे. गटारात ऑक्सिजन नसलेल्या जागी जिवाणू सेंद्रिय पदार्थ कुजवतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाक बधिर होते, वास येणेच बंद होते, आणि माणसाला वाटते की आता धोका गेला. तिथेच तो कोसळतो. २०१३ चा कायदा हाताने मैला साफ करायला लावण्यास आणि संरक्षक साधनांशिवाय माणूस गटारात उतरवण्यास मनाई करतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई ठरवली. तरी मृत्यू थांबलेले नाहीत. मरणाऱ्यांची आडनावे बघा. मग मला सांगा, सांडपाण्याचा धडा शिकवताना या माणसाला वगळणारे विज्ञान तटस्थ कसे?

आता मुद्द्याच्या मुळाशी येतो. मराठीत ‘शुद्ध’ हा एकच शब्द दोन परस्परविरोधी अर्थांनी वापरला जातो. प्रयोगशाळेत शुद्ध पाणी म्हणजे ज्यात रोगजंतू नाहीत आणि क्षार मर्यादेत आहेत असे पाणी. धर्मशास्त्रात शुद्ध पाणी म्हणजे ज्याला विशिष्ट जातीच्या माणसाचा हात लागलेला नाही असे पाणी. विद्यापीठात हे दोन अर्थ दोन वेगळ्या इमारतींत शिकवले जातात. समाजशास्त्र विभागात पवित्र-अपवित्राची चर्चा होते, जीवशास्त्र विभागात प्रदूषणाची. दोन्ही विभागांचे विद्यार्थी एकाच कॅन्टीनमध्ये चहा पितात, पण हे दोन धडे कधी एकमेकांना भेटत नाहीत. आणि न भेटल्यामुळेच पाण्यात पदवी घेतलेला माणूस घरी मोलकरणीसाठी वेगळा पेला ठेवू शकतो.

या दोन अर्थांची गाठ महाडला पडली होती. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह जाऊन त्या तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर काय झाले? सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ केले. तळ्यातून १०८ घागरी पाणी काढले, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळले आणि ते मंत्रोच्चारात परत तळ्यात ओतले.

ही घटना आपण भाषणात हजार वेळा सांगितली आहे. विज्ञानाच्या तासाला किती वेळा सांगितली? पिण्याच्या पाण्याचे जे भारतीय मानक आज लागू आहे, आयएस १०५००, ते म्हणते की १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू एकही सापडता कामा नये. हा जिवाणू उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात राहतो, माणसाच्या तसाच गायीच्याही. तो पाण्यात दिसला म्हणजे त्या पाण्यात विष्ठा मिसळली आहे, हे कळते. म्हणजे माणसाच्या ओंजळीने जे तळे बिघडले नव्हते, ते शुद्धीकरणाच्या विधीने बिघडले. ओंजळीची जात कोणतीही असो, सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसत नाही. शेण मात्र दिसते.

नववीच्या मुलाला जिवाणूंचा धडा आणि जातीचा धडा एकाच वेळी शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही. आणि हे उदाहरण जीवशास्त्राच्या शिक्षकानेच द्यायला हवे. इतिहासाच्या शिक्षकाने दिले तर तो ‘सामाजिक’ विषय होतो आणि मुले तिकडे वळून बघतात ज्यांच्या घरी बाबासाहेबांचा फोटो आहे. जीवशास्त्राच्या शिक्षकाने दिले तर ते सगळ्यांसाठी विज्ञान होते.

महाडचा खटला १० वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अस्पृश्यांना वगळण्याची अनादी काळापासूनची रूढी विरोधकांना सिद्ध करता आलेली नाही. पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आला. पाण्याला हात लावण्याचा हक्क अशा रीतीने कायद्यात आला. तो प्रत्यक्षात सगळीकडे आलेला नाही, हे ऑगस्ट २०२२ मध्ये राजस्थानच्या जालोर जिल्ह्यातल्या त्या ९ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याने मरून दाखवले. शिक्षकाच्या माठाला हात लावला म्हणून शिक्षकानेच मारले, असा कुटुंबाचा आरोप होता. बाबासाहेबांनीही आपल्या आठवणीत लिहून ठेवले आहे की शाळेत त्यांना नळाला हात लावता येत नसे. चपराशी येऊन तोटी उघडेल तेव्हाच पाणी, तो नसेल तर तहान मारायची. शाळा आणि पाणी यांचे आपले नाते इतके जुने आणि इतके जखमी आहे. म्हणून शाळेतला पाण्याचा धडा आपल्यासाठी इतर धड्यांसारखा एक धडा असू शकत नाही.

हात लावण्याच्या हक्काला शंभर वर्षे होत आली. पुढचा हक्क कोणता? माझ्या मते पुढचा हक्क तपासण्याचा आहे. आपल्या नळातून काय येते हे जाणून घेण्याचा, स्वतः तपासण्याचा आणि तपासून जाब विचारण्याचा.

हे शक्य आहे का? आहे, आणि त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली एक सोपी चाचणी मांडली. तिला एचटूएस चाचणी म्हणतात. छोट्या बाटलीत औषध लावलेला कागद असतो. खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावायचे आणि एक-दोन दिवस खोलीच्या उबेत ठेवायचे. पाण्यात विष्ठेतून येणारे जिवाणू असतील तर ते हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, त्याची लोहाच्या क्षाराशी प्रक्रिया होते आणि पाणी काळे पडते. वर सांगितलेला, गटारात माणूस मारणारा वायू तोच हा. बाटलीत तो थोडासा तयार होतो आणि पाण्याची चहाडी करतो. सांगा, एका बाटलीत एवढे जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि समाजशास्त्र दुसरे कुठे सापडेल?

दुसरी चाचणी क्लोरीनची. गावाकडे जलसुरक्षक करतात ती ओटी टेस्ट. पाण्यात औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पाणी पिवळे होते. औषध हाताला किंवा तोंडाला लागू द्यायचे नाही आणि चाचणीचे पाणी प्यायचे नाही, एवढी काळजी घ्यायची. नळाच्या तोंडाशी दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरलेला असावा, असे मानक सांगते. टाकीवर क्लोरीन आहे आणि तुमच्या गल्लीत नाही, याचा अर्थ मधल्या वाटेत काहीतरी घाण आत शिरली आणि तिने क्लोरीन खाल्ला. हे कसे होते? पाणी ठरावीक वेळच येते. बाकी वेळ पाइप रिकामा असतो. पाइप जुना, गटारीला खेटून गेलेला, त्याला बारीक चीर. पाणी बंद झाले की आतला दाब उतरतो आणि चिरेतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. त्यात गल्लीतल्या दोन-चार घरांनी टिल्लू पंप लावला की ओढ आणखी वाढते. पहिले पाणी गढूळ येते ते यामुळे. पावसाळ्यात कावीळ आणि गॅस्ट्रोची साथ वस्तीतच का येते याचे उत्तर या पाइपात आहे. ‘हे लोक स्वच्छता पाळत नाहीत’ या वाक्यात नाही.

आम्ही वस्तीत हे करून पाहिले. पाणी गढूळ येते म्हणून बायका एका कार्यालयात गेल्या तेव्हा त्यांना सांगितले गेले की पाणी एकदम चांगले आहे, रिपोर्ट आहे. रिपोर्ट खरा होता. नमुना जलकुंभावरचा होता. मग अभ्यासिकेतल्या मुलांनी गल्लीगल्लीतून बाटल्या भरल्या, प्रत्येकीवर घराचा क्रमांक, तारीख आणि वेळ लिहिली. काही बाटल्या काळ्या झाल्या, काही झाल्या नाहीत. मुलांनी कागदावर वस्तीचा नकाशा काढून काळ्या खुणा केल्या, तेव्हा त्या खुणा एका ओळीत आल्या. लाइन गटारीतून जाते ती हीच ओळ. पुढच्या खेपेला बायका नुसते ‘पाणी खराब आहे’ असे सांगायला गेल्या नाहीत, नकाशा घेऊन गेल्या. एका ठिकाणची गळती दुरुस्त झाली. दुसरीसाठी अजून खेटे चालू आहेत. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरने कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडून एका पंपाकडे बोट दाखवले होते. पद्धत तीच आहे. ती आमच्या मुलांना शिकवायला कुणी आले नाही, एवढेच.

इथे पहिला आक्षेप येतो. पाण्याची तपासणी हे तज्ज्ञांचे काम, पोरांच्या हातात ते कशाला? आक्षेपात तथ्य किती ते बघू. एचटूएसची बाटली शंभर टक्के खरे बोलत नाही. विष्ठेशी संबंध नसलेल्या काही जिवाणूंनीही ती काळी होऊ शकते. म्हणून काळी बाटली हा निकाल नसतो, तो संशय असतो, आणि संशय आला की प्रयोगशाळेत नमुना द्यायचा असतो. शिवाय ही बाटली नायट्रेट आणि फ्लोराइड दाखवत नाही. मैला आणि खते मुरून भूजलात नायट्रेट वाढते. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि त्यापेक्षा जास्त असेल तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते. फ्लोराइड १ मिलिग्रॅमच्या आत हवा, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या गावांमध्ये दात पिवळे-तपकिरी झालेली आणि हाडे वाकलेली माणसे दिसतात ती या फ्लोराइडमुळे. अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पूर्णा खोऱ्याचे भूजलच खारे आहे. या तिन्ही ठिकाणी ‘पाणी उकळून प्या’ हा सल्ला उपयोगाचा नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार उडून जात नाहीत. पाणी आटते आणि ते उलट घट्ट होतात.

म्हणजे तज्ज्ञ लागतात, हे मान्य. म्हणूनच तर जीवशास्त्र शिकवलेला आणि पाण्यावर संशोधन केलेला माणूस हवा आहे. काळी बाटली बघून काय समजायचे, काय समजायचे नाही आणि पुढे कुठे जायचे हे तोच सांगू शकतो. पण तज्ज्ञ हवा म्हणजे लोक नकोत असे नाही. सरकारनेही हे मान्य केले आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात ५ महिलांना फील्ड टेस्ट किटने पाणी तपासण्याचे प्रशिक्षण द्यायचे आहे. गावातली बाई पाणी तपासू शकते असे दिल्लीला वाटते, मग नागपूरच्या वस्तीतली दहावीची मुलगी का तपासू शकत नाही?

दुसरा आक्षेप, विज्ञानात जात आणू नका. यावर माझे उत्तर एवढेच की जात आम्ही आणलेली नाही, ती नमुन्याच्या जागेत आधीच आहे. नमुना जलकुंभावरून घ्यायचा की गल्लीच्या शेवटच्या नळावरून, हा निर्णय रसायनशास्त्र घेत नाही, माणूस घेतो. शेवटचा नळ कोणाच्या दारात असतो? पाइप आधी कोणत्या लेआउटला गेला आणि कोणत्या वस्तीला हातपंपावर आणि टँकरवर ठेवले? या प्रश्नांची उत्तरे न देता आलेला ‘पाणी योग्य आहे’ हा अहवाल अर्धा असतो.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातून येतो आणि तो मला जास्त टोचतो. मुलांनी नीटची तयारी करायची की बाटल्या भरत फिरायचे? मित्रांनो, आपली पोरे डॉक्टर झालीच पाहिजेत. पण ज्या मुलीने स्वतःच्या गल्लीत कावीळ कशी पसरली हे शोधून काढले आहे, तिला पाण्यातून पसरणाऱ्या रोगांचा धडा घोकावा लागत नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला महानगरपालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना घेऊन काम केले होते. व्ही. जी. कुलकर्णी त्याचे प्रमुख होते. मुलांच्या भाषेच्या अडचणींकडे लक्ष दिले, हाताने प्रयोग करू दिले, प्रश्न विचारू दिले, आणि शालान्त परीक्षेत त्यांची कामगिरी स्पष्टपणे सुधारली. बुद्धी कमी नव्हती, शिकवण्याची रीत कमी होती. ‘गुणवत्ता’ हा शब्द तोंडावर फेकणाऱ्यांना हा प्रयोग ऐकवला पाहिजे.

आपल्या शेजारी मध्य प्रदेशातही असेच एक मोठे काम झाले. अनिल सद्गोपाल हे रेण्वीय जीवशास्त्राचे संशोधक. अमेरिकेत पीएच.डी. केलेले, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरीला असलेले. ती नोकरी सोडून ते होशंगाबाद जिल्ह्यात गेले. १९७२ साली १६ शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. मुले स्वतः प्रयोग करत, परीक्षेत पुस्तक उघडून बघायची मुभा असे. जीवशास्त्रातली पदवी खेड्यातल्या शाळेत नेली तर काय होऊ शकते याचे हे उदाहरण. आणि त्याचा शेवटही लक्षात ठेवा. २००२ मध्ये सरकारने हा कार्यक्रम बंद केला. प्रश्न विचारायला शिकलेली मुले सत्तेला फार काळ परवडत नाहीत. नागपुरातही महापालिकेच्या शाळांतील मुले साध्या वस्तूंतून प्रयोग दाखवतात असा अपूर्व विज्ञान मेळावा वर्षानुवर्षे भरतो. तो पाहिला की कळते, मुले तयार आहेत. मेळाव्यातला प्रयोग वस्तीच्या नळापर्यंत आणणे हे पुढचे पाऊल आहे.

आता आपल्या मध्यमवर्गाबद्दल दोन शब्द. आपल्यातल्या ज्यांना नोकऱ्या लागल्या त्यांनी घरी आरओ बसवला. बुद्धविहारात कार्यक्रम असला की थंड पाण्याचे जार येतात. जार थंड आहे म्हणजे पाणी चांगले आहे असे आपण गृहीत धरतो. त्या सील नसलेल्या जारमधले पाणी कोणी, कधी तपासले हे विचारत नाही. पैसे देऊन स्वतःपुरते सुटणे हे समजू शकतो, पण तो समाजाचा मार्ग नाही. महाडला बाबासाहेबांनी प्रत्येकाला आपापल्या घरी विहीर खोदा असे सांगितले नव्हते. ते सगळ्यांना घेऊन सार्वजनिक तळ्यावर गेले होते. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तोही घरातले पाणी सार्वजनिक करण्यासाठी. आपण मात्र सार्वजनिक पाणी सोडून घरातल्या यंत्राकडे निघालो आहोत. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांचा नळ मग कोण बघणार?

म्हणून काही ठोस गोष्टी मांडतो.

पहिली, जीवशास्त्राच्या शिक्षकांना. आपल्यातले शेकडो तरुण प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झाले आहेत. कोणी तासिका तत्त्वावर शिकवतात, कोणी क्लासेसमध्ये. महिन्यातला एक रविवार वस्तीला द्या. बाटल्यांचा खर्च वस्ती वर्गणीतून करेल, तुमचे ज्ञान तिला विकत घेता येत नाही.

दुसरी, विहार समित्यांना. प्रत्येक विहारात एक पाणी नोंदवही ठेवा. कोणत्या नळाचा नमुना, कोणत्या तारखेला, काय आढळले, तक्रार कुठे केली, उत्तर काय आले. येऊन पाहा, तपासा, मग स्वीकारा, हे तथागतांनी धम्माबद्दलच सांगितले आहे. पाण्याबद्दल तर तपासलेच पाहिजे.

तिसरी, कायद्याची. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार खटल्यात म्हटले की प्रदूषणमुक्त पाणी हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आणि माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार माहिती मागण्यात कागद बघणेच येत नाही, सामग्रीचे प्रमाणित नमुने घेणेही येते. हे फार थोड्यांना माहीत आहे. आपल्या भागातल्या पाणी तपासणीचे अहवाल मागा आणि त्यात नमुना कुठून घेतला हा रकाना आधी वाचा.

चौथी, महापालिका आणि शिक्षण विभागाकडे मागणी. प्रत्येक शाळेत पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात, विज्ञानाच्या तासाला, मुलांच्या हातून शाळेच्या आणि आजूबाजूच्या नळांची तपासणी व्हावी आणि निकाल शाळेच्या फलकावर लागावा. वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे संविधानाच्या कलम ५१-क नुसार प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. कर्तव्य पार पाडायला साधन द्या, एवढीच मागणी.

आणि पुढच्या विज्ञान दिनाला पाहुणे बोलावताना त्यांच्या पदव्या, शोधनिबंध जरूर वाचून दाखवा, त्यांनी कष्टाने मिळवले आहेत. पण कार्यक्रमाआधी एक आठवडा त्यांना फोन करा आणि सांगा, ‘सर, मॅडम, भाषण दहा मिनिटांचे ठेवा. बाकी वेळ मुलांसोबत आमच्या गल्लीतले नळ तपासायचे आहेत.’ जे येतील ते आपले शिक्षक. जे म्हणतील की हे आमच्या विषयात बसत नाही, त्यांना नम्रपणे विचारा की मग पाणी कोणाच्या विषयात बसते.

जय भीम.